परसांतील कळलावी

वैशाख सरत आला कीं या सदराकडे जीं पत्रें येतात, त्यांत एक प्रश्न दरवर्षीं ठरलेला असतो. "परसांत कुंपणाच्या कडेची जागा रिकामी आहे. रोज पाणी घालणें होत नाहीं. तेथें उंच वाढणारें, डोळ्यांत भरणारें, परंतु आपल्याच मातींतलें एखादें फुलझाड सुचवावें." यंदां असें विचारणाऱ्या तीन भगिनी व एक गृहस्थ आहेत. आजवर या प्रश्नाला गोकर्ण, तेरडा, गुलबक्षी अशीं नांवें सांगून मी वेळ मारून नेत असें. खरें उत्तर ओठांवर येई, परंतु तें लिहिण्याचें धैर्य होत नसे. त्याला कारणही तसेंच घडलें होतें. आज तें कारण सांगतों आणि उत्तरही देतों. तें फूल म्हणजे कळलावी.

कळलावी पाहिली नाहीं असा कोंकणचा मनुष्य विरळा. आषाढांत गडग्यावरच्या झुडपांतून एक बारीक हिरवी वेल डोकें वर काढते. करवंदीची जाळी असो कीं निवडुंगाची, तिच्या अंगावरून चढत चढत ती माथ्यावर निघते, आणि श्रावणांत जाळीच्या शेंड्यावर कोणीं निखारे ठेवावेत तशीं तिचीं फुलें दिसूं लागतात. ही वेल केवळ कोंकणांतच आहे असें नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर, दक्षिण हिंदुस्थानांत, श्रीलंकेंत आणि समुद्रापलीकडे आफ्रिकेंतही ती आपोआप उगवते. तामिळनाडूनें तिच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे, व आफ्रिकेंतील झिंबाब्वे या देशाचें तर तें राष्ट्रपुष्प आहे. आपण मात्र तिला रस्त्याच्या कडेचें रान समजून कोयत्यानें तोडतों.

फुलाची ठेवण मोठी विलक्षण आहे. सहा पाकळ्या, त्यांच्या कडा पाण्याच्या लहरींसारख्या मुरडलेल्या. फूल मान खालीं घालतें, आणि पाकळ्या मात्र उलट्या वळून आभाळाकडे तोंड करून उभ्या राहतात. कळी हिरवी असते. ती उमलली कीं पाकळीचें बूड पिवळें व टोंक तांबडें होतें; पुढें दिवसागणिक तांबडा रंग पसरत जाऊन सरतेशेवटीं सबंध फूल कुंकवासारखें लाल दिसूं लागतें. त्यामुळें एकाच वेलीवर हिरवीं, पिवळीं, नारिंगी व लाल अशीं चारी रंगांचीं फुलें एके वेळीं पाहावयास मिळतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर पसरलेले असतात, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशींच काटकोनांत वळून बाजूला निघून जाते. या वळणामुळें फुलाचे स्वतःचे पराग स्वतःवर पडणें अवघड होतें, व फुलपांखरांच्या पंखांवरून दुसऱ्या फुलाचे पराग येण्याला वाव मिळतो. पानाचें टोंकही असेंच पाहण्याजोगें. तें बारीक होत होत तारेसारखें गुंडाळतें व सांपडेल त्या काटकीला विळखा घालतें. पानाचाच हात करून चढणारी ही वेल आहे.

नांवांच्या बाबतींत हिच्याइतकी श्रीमंत वनस्पति क्वचितच आढळेल. ज्यानें फूल पाहिलें त्यानें तिला अग्निशिखा म्हटलें. ज्यानें जमीन उकरून कंद पाहिला त्यानें लांगली व हलिनी म्हटलें. कारण तो कंद नांगरासारखा, दोन बाहूंचा व मध्यें वांकलेला असतो. विशल्या आणि गर्भनुत् हीं नांवें वैद्यांनीं दिलेलीं. मराठींत कळलावी, खड्यानाग, कोठें वाघनखी. कांहीं ठिकाणीं हिला बचनागही म्हणतात. परंतु खरा बचनाग म्हणजे वत्सनाभ, आणि तें हिमालयांतील अगदीं निराळें झाड आहे. दोन्हीं विषारी, एवढेंच त्यांचें नातें. लिनिअस या स्वीडिश पंडितानें १७५३ मध्यें हिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' असें लॅटिन नांव दिलें. वैभवशालिनी आणि मानिनी असा त्याचा अर्थ करतां येईल. त्याच्याही आधीं, १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापून निघालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथांत ती 'मेंदोनी' या मलबारी नांवानें आली आहे. या ग्रंथाच्या कामीं रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनीं साहाय्य केलें होतें, व तसें त्यांनीं १६७५ सालीं नागरी अक्षरांत लिहूनही दिलें आहे.

मीं जन्मभर मुलांना शब्द फोडून दाखविण्याचाच उद्योग केला. त्यामुळें या वेलीच्या आणखी दोन नांवांनीं मला फार दिवस भुरळ घातली होती. संस्कृत कोशांत हिला कलिकारी असेंही म्हटलें आहे आणि कलिहारी असेंही. एकीचा अर्थ कलह करणारी, दुसरीचा कलह हरण करणारी! वेल एकच, अक्षराचा फरक एवढाच. मराठी कळलावी या शब्दांतही असेच दोन अर्थ दडलेले आहेत. कळ म्हणजे भांडण. कळ लावणारा तो कळलाव्या, हें आपण नित्य बोलतों. परंतु कळ म्हणजे वेदनाही, आणि बाळंतिणीला येते तीही कळच. या वेलीच्या कंदाचा लेप प्रसूतीच्या वेळीं हातापायांच्या तळव्यांस लावण्याचा उपचार आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांत सांगितला आहे. तिचें मराठी नांव त्या कळेवरून पडलें असें जाणते सांगतात. लोकांच्या कानांनीं मात्र पहिला अर्थ उचलला, आणि 'कळलावी दारांत लावली कीं घरांत भांडणें होतात' अशी समजूत घट्ट झाली.

येथून माझी गोष्ट सुरू होते.

निवृत्त झाल्यावर मी रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं येऊन राहिलों. वडिलोपार्जित घराचे दोन भाग झालेले. एका भागांत माझे वडील चुलतबंधु अण्णा व वहिनी, दुसऱ्यांत आम्ही उभयतां. दोन्हीं परसांच्या मध्यें कमरेइतक्या उंचीचा जांभ्या दगडांचा गडगा. वाटणीच्या वेळीं थोडी बोलाचाली झाली होती. ती कालांतरानें मिटली. परंतु सांधलेल्या हाडावर फार भार टाकूं नये, तशी दोन्हीं घरांची वागणूक बेताची व जपून असे.

तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत गांवचा रस्ता रुंद झाला. त्यांत दुतर्फा असलेले जुने गडगे निघाले, आणि त्यांच्या आधारानें पिढ्यान्पिढ्या उगवणारी कळलावीही निघाली. आमच्याकडे तेरड्याच्या गौरीबरोबर हीं फुलें वाहण्याची चाल आहे. आतां तीं मिळणार कोठून, या विचारानें मीं खोदलेल्या मातींत उघडे पडलेले दहाबारा कंद टोपलींत भरून आणले, आणि रोहिणी नक्षत्र लागतांच मधल्या गडग्याच्या कडेनें लावले.

वहिनींनीं तें पलीकडून पाहिलें असावें. त्याच संध्याकाळीं त्या आमच्या पडवींत आल्या.

"भाऊजी, गडग्याशीं काय लावलेंत?"

"अग्निशिखा," मी म्हणालों.

"म्हणजे कळलावीच ना? ती दारांत नको. आणि दोन घरांच्या मधोमध तर नकोच नको. काढून टाका."

मला हंसूं आलें. पस्तीस वर्षें फळ्यापुढें काढलेल्या मनुष्याला असा श्रोता सांपडल्यावर तो गप्प कसा बसेल? मीं कलिकारी व कलिहारी यांची फोड करून सांगितली. भांडणें माणसें करतात, वेली करीत नाहींत, हेंही सांगितलें. आणि शेवटीं विचारलें, "गौरीला हीं फुलें तुम्हींच ना हौसेनें वाहतां? देवीला जें चालतें तें दाराला कां चालूं नये?"

वहिनी क्षणभर थांबल्या. "देवीला चालतें तें सगळें लेकरांना चालत नाहीं, भाऊजी," एवढेंच म्हणून त्या निघून गेल्या. मला वाटलें, मीं वाद जिंकला.

लावून उरलेले चार कंद टोपलींत, पडवीच्या कोपऱ्यांत तसेच राहिले होते. उद्यां कोणास तरी देऊं म्हणून मीं ते ठेवले, आणि विसरलों. सुटीसाठीं आमची सहा वर्षांची नात आली होती. तीन दिवसांनीं दुपारीं ती आणि अण्णांचा पांच वर्षांचा नातू पडवींत भातुकली मांडून बसलीं होतीं, व मी झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत पडलों होतों. इतक्यांत नातीनें हाक मारली, "आजोबा, पान वाढलंय. आज आमच्याकडे उपास आहे. रताळीं केलीं आहेत."

मीं मान वळवून पाहिलें. फणसाच्या पानावर पांढऱ्या चकत्या नीट मांडून ठेवल्या होत्या. बाजूला खेळण्यांतली पत्र्याची सुरी, आणि तपकिरी सालीचा अर्धा कापलेला कंद.

माझ्या हातापायांतलें त्राण गेलें. "तोंडांत घातलंत का ग?" मीं ओरडूनच विचारलें असावें, कारण ती रडवेली झाली. म्हणाली, "नाहीं. आधीं देवाला, मग आजोबांना, मग आम्ही." नैवेद्य दाखवावयाचा राहिला होता, म्हणून ती थांबली होती. परंतु अण्णांचा नातू कांहींच बोलेना. त्याचें बोट तोंडांत होतें.

पुढचें सविस्तर लिहवत नाहीं. दोन्हीं मुलांचीं तोंडें व हात धुतले, कापलेला कंद कागदांत बांधून घेतला, आणि मिळेल त्या वाहनानें अण्णा, वहिनी, मी व तीं दोन मुलें तालुक्याच्या ठिकाणीं डॉक्टरांकडे पोंचलों. या विषाचीं लक्षणें कित्येक तास उलटल्यावर दिसूं लागतात, म्हणून मुलांना रात्रभर देखरेखीखालीं ठेवलें. रात्र सरली, उजाडलें, आणि त्या मुलानें भूक लागली म्हणून हट्ट धरला. बोटाला लागलें असेल तेवढेंच, पोटांत कांहीं गेलें नव्हतें. त्या सबंध रात्रींत वहिनी मला एक शब्दही बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं बाकावर बसल्या बसल्या मला जें उमगलें, तें पस्तीस वर्षांच्या शब्दफोडींत उमगलें नव्हतें. 'दारांत लावली कीं भांडणें होतात' हें कारण खोटें होतें. परंतु 'दारांत लावूं नये' हा नियम खोटा नव्हता. ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत, गरोदर लेकीसुना आहेत, गोठ्यांतलें वांसरूं मोकळें फिरतें, त्या घरानें ही वेल अंगणापासून लांब ठेवावी, हें पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाचें शहाणपण आहे. नुसतें 'विषारी आहे' असें सांगून ठेवलें असतें, तर कोणी तें घाईंत विसरलें असतें. आणि कोणी दुर्दैवी जीवानें नेमकें तेंच लक्षांत ठेवलें असतें. भांडणाची भीति घातल्यानें विषाचा उच्चारही झाला नाहीं आणि वेलही दूर राहिली. हा माझा तर्क आहे, याला ग्रंथाचा आधार मला दाखवितां येणार नाहीं. परंतु रूढीचें सांगितलेलें कारण खोटें ठरलें म्हणजे रूढीच निरर्थक ठरली, असें मानण्याची चूक आम्हां शिकलेल्या माणसांच्या हातून वारंवार होते. ती माझ्या हातून झाली, आणि तिची किंमत दोन लेकरांनीं मोजली असती.

सकाळीं घरीं आल्यावर मीं कुदळ घेतली आणि गडग्याशीं गेलों. कंद उकरून जाळून टाकावेत असें मनांत होतें. वहिनी पलीकडे तुळशीला पाणी घालीत होत्या. मीं त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "झालं तें झालं. पण टाकून देऊं नका. रस्त्यावरची तर सगळी गेली. आतां गौरीला आणायची कोठून? लांब लावा, एवढंच माझं म्हणणं होतं."

तेव्हां विहिरीपलीकडे, परसाच्या अगदीं टोंकाला, चार हात लांब व दोन हात रुंद जागा कुपाटीनें बंद करून तिला आडणा घातला, आणि कंद तेथें नेऊन लावले. गेलीं तीन वर्षें ती वेल तेथें सुखानें वाढते आहे. आतां पत्र पाठविणाऱ्यांसाठीं तिच्या लागवडीची रीत सांगतों.

जागा. वेलीच्या शेंड्याला निदान अर्धा दिवस ऊन हवें, व मुळाशीं गारवा हवा. म्हणून बुडाशीं पालापाचोळ्याचें आच्छादन करावें. पाणी सांचणारी जमीन तिला मुळींच चालत नाहीं; कंद कुजतो. कोंकणच्या धुवांधार पावसांतही ती गडग्यांवर वाढते, याचें रहस्य हेंच कीं, दगडांच्या सांदींतून पाणी झरझर निघून जातें. देशावरील काळी चिकण माती असेल तर वाळू, बारीक खडी व कुजलेला पालापाचोळा मिसळून वीतभर उंच वाफा करावा.

कंद. लावण्याची वेळ रोहिणी नक्षत्राची, म्हणजे मेच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस स्थिर होईपर्यंत. कंद आडवा ठेवून वर चार बोटें माती घालावी. कंदाच्या दोन बाहूंच्या टोंकांशींच कोंब असतात, व हीं टोंकें फार ठिसूळ. टोंक मोडलें कीं तो बाहू फुटत नाहीं, मग बाकीचा कंद कितीही जाड असो. हाताळतांना हातमोजे घालावेत, निदान नंतर हात साबणानें स्वच्छ धुवावेत. कंद कापण्याला स्वयंपाकघरांतील विळी वा सुरी कधींही वापरूं नये. आणि उरलेला एकही कंद टोपलींत ठेवूं नये, हें मीं निराळें सांगावयास नकोच.

आधार. येथें पुष्कळांची चूक होते. जाड खांब रोवून वेल चढेल अशी वाट पाहतात. पानाच्या टोंकाचा विळखा तो केवढा! जाड खांबाला तो पुरत नाहीं. तुरीच्या वाळलेल्या काटक्या, बांबूच्या बारीक कांबट्या किंवा सुतळीची जाळी लावली, कीं वेल भराभर वर जाते. आमची वेल आठ ते दहा फूट उंच जाते. चांगल्या मातींत व भक्कम आधारावर ती याहूनही वाढते. कोंवळा शेंडा मोडूं देऊं नये; फुलें वरच्या पानांच्या बगलेंतच येतात. लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत फुलें दिसूं लागतात, आणि गौरीगणपतींच्या दिवसांत बहर असतो. पावसानें फारच ओढ दिली तर पाणी द्यावें. एरवीं कांहीं करावें लागत नाहीं.

बी. फुलें गळल्यावर बोटाएवढीं हिरवीं बोंडें धरतात. पावसाळा संपल्यावर तीं वाळून तीन फांकींत उघडतात, आणि आंत पोवळ्यांसारखे तांबडे दाणे दिसतात. मुलांना हे दाणे कंदापेक्षांही मोहक वाटतात. म्हणून ज्याला बी नको असेल त्यानें बोंडें हिरवीं असतांनाच छाटून पुरून टाकावीं. बियांपासून रोपें होतात, परंतु बी उगवावयास फार वेळ घेतें व सगळें एकदम उगवत नाहीं. तशा रोपाला फूल यावयास तीनचार वर्षें लागतात. निवृत्त मनुष्यानें तरीही बी लावावें. वाट पाहण्याला कांहींतरी असलेलें बरें.

विश्रांति. दिवाळीच्या सुमारास पानें पिवळीं पडतात व वेल वाळते. ती मेली असें समजून कोणी उपटून टाकतात, कोणी पाणी घालघालून कंद कुजवितात. दोन्हीं करूं नये. जुना कंद त्या वर्षांत आपलें सर्वस्व देऊन संपलेला असतो, आणि त्याच्या जागीं नवा कंद तयार होऊन निजलेला असतो. जागेवर एक खूण ठेवावी व पुढल्या रोहिणीपर्यंत तिकडे पाहूंही नये. कुंडींत लावली असेल तर कुंडी पावसाबाहेर, कोरडी, व मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवावी.

आतां विषाविषयीं. या वेलीच्या सर्वांगांत कोल्चिसीन नांवाचें विष आहे, आणि कंदांत व बियांत तें विशेष. १८२० सालीं पेलतिए व कावंतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं तें युरोपांतील हिच्याच कुळांतल्या एका झाडांतून वेगळें काढलें. अगदीं सूक्ष्म मात्रेंत तेंच वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या, दुखण्यावर औषध म्हणून डॉक्टर देतात. तामिळनाडूंत शेतकरी बियांसाठीं या वेलीची मुद्दाम शेती करतात, व अधिक बी धरावें म्हणून हातानें एका फुलाचे पराग दुसऱ्यावर घालतात. आमच्या वैद्यकानेंही लांगलीला उपविषांत गणलें आहे, व शोधनावांचून तिचा वापर निषिद्ध मानला आहे. यावरून घरीं प्रयोग करण्याचा मोह कोणासही होऊं नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत येथें अंतर फार थोडें आहे. कंद शिजवला म्हणून विष जात नाहीं. रताळें वा कोनफळ समजून शिजवून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत.

चुकून कोणाच्या पोटांत गेलें, तर प्रथम तोंडांत व घशांत आग होते आणि कांहीं तासांनीं वांत्या व जुलाब सुरू होतात. परंतु लक्षणें दिसण्याची वाट पाहूं नये, कारण तोंपर्यंत विष अंगांत भिनलेलें असतें. घरगुती उतारे शोधीत बसूं नये. तोंड धुवावें, खाल्लेल्या वस्तूचा उरलेला तुकडा बरोबर घ्यावा, आणि तडक मोठें रुग्णालय गांठावें. एक दिवस बरें वाटलें तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस देखरेखीखालीं राहावें. हें विष मागाहूनही आपला प्रताप दाखवितें.

आणखी एक विनंति. हें वाचून कोणी रानांत जाऊन वेली उकरून आणूं नयेत. औषधासाठीं कंद व बिया ओरबाडल्या गेल्यामुळें कित्येक ठिकाणीं ही वेल विरळ झाली आहे. जेथें ती आपोआप उगवली आहे तेथें तिला राहूं द्यावें. फार तर पिकलेल्या बोंडांतलें थोडें बी आणावें, किंवा रोपवाटिकेंतून कंद विकत घ्यावा. जेथें रस्ता वा घर होत असेल व वेल मरणारच असेल, तेथून ती जरूर वांचवावी.

आणि पत्र पाठविणाऱ्यांपैकीं ज्या भगिनीनें घरांत दीड वर्षाचें मूल असल्याचें लिहिलें आहे, तिला माझें उत्तर असें: आपण पांचसहा वर्षें तेरडाच लावावा. मूल वाचूं लागलें, सांगितलेलें ऐकूं लागलें, म्हणजे त्यालाच हाताशीं घेऊन कळलावी लावावी, व लावतांना तिचीं सगळीं नांवें त्याला सांगावीं. अण्णांचा नातू आतां आठ वर्षांचा आहे. कोणी पाहुणा विहिरीकडे निघाला कीं तो पुढें धांवतो आणि कुपाटीशीं उभा राहून मोठ्या गंभीरपणें सांगतो, "तीं रताळीं नव्हेत हं!"

गेल्या भाद्रपदांत गौरी आणावयाच्या दिवशीं वहिनींनीं गडग्यावरून हाक मारली, "भाऊजी, पांच फुलें काढून द्याल का?" मीं लाल झालेलीं पांच फुलें देंठासकट खुडलीं, केळीच्या पानावर घातलीं आणि गडग्यावर ठेवलीं. वहिनींनीं पान उचललें, माझ्या हातांकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "आतां हात धुवा."